नवाचे सात, पंधराचे तेरा

४ सप्टेंबर २०२२. आमच्याकडं महालक्ष्म्यांच्या जेवणाचा दिवस. सकाळपासून पुरण वाटून, सोळा भाज्या निवडून, सवाष्णी जेवू घालून घरातल्या बायकांची पाठ मोडलेली. रात्री आठ-साडेआठला मी महालक्ष्म्यांच्या समोरच भिंतीला टेकून फोन उघडला. अल्टिमेट खो-खोच्या पहिल्या हंगामाची फायनल होती, पुण्याच्या बालेवाडीत. ओडिशा जगरनॉट्स विरुद्ध तेलुगू योद्धाज. आई माझ्या खांद्यावरून डोकावली आणि तिथंच बसली.

आई सातवी-आठवीपर्यंत खो-खो खेळलेली. पळतीत ती सापडायची नाही, असं मावशी अजून सांगते. पाचेक मिनिटं तिनं निमूट पाहिलं. मग म्हणाली, "ते पोरगं मागं कसं काय फिरलं गं? फाऊल द्यायला पायजे की."

मी म्हटलं, "तो वझीर आहे. त्याला कुठल्याही दिशेला पळता येतं."

"मग दिशा घ्यायचीच कशाला?"

या प्रश्नाला माझ्याकडं तेव्हा उत्तर नव्हतं. सामना मात्र जबरदस्त झाला. अगदी शेवटी ओडिशाच्या सूरज लांडेनं सूर मारून गडी बाद केला, एका झटक्यात तीन गुण आले आणि ४६-४५ असा निकाल लागला. आईनंही "अगं बाई!" केलं. पण फोन ठेवताना म्हणालीच, "खेळ चांगला हाय. पण खो-खो नाय हे."

पुढं दोनच महिन्यांत, नोव्हेंबरमध्ये, पुरुष-महिलांची ५५वी राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा आमच्याच शहरात झाली. जिल्ह्याचं नाव तेव्हा कागदोपत्री उस्मानाबाद होतं, धाराशिव व्हायला अजून वर्ष होतं. चुलत बहिणीच्या लग्नासाठी मी गावी आलेच होते, एक संध्याकाळ तुळजाभवानी स्टेडियमवर काढली. तिथं जुनाच खेळ होता: नऊ गडी, नऊ मिनिटांचा डाव, बाद केला की एक गुण, आणि एकदा दिशा घेतली की खांब गाठेपर्यंत मागं वळणं नाही. एकाच पावसाळ्या-हिवाळ्यात मी एकाच नावाचे दोन खेळ पाहिले, आणि दोन्ही आवडले. याचा मला थोडा अपराधीपणा वाटला, म्हणजे आईच्या बाजूनं.

ज्यांनी शाळेनंतर खो-खो पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. पाठलाग करणारे आठ गडी मधल्या पाटीवर ओळीनं उकिडवे बसतात, एकाआड एक उलट्या तोंडानं. नववा पळतो. त्याला मधली पाटी ओलांडता येत नाही, घेतलेली दिशा सोडता येत नाही. पळणाऱ्या तिघांना यातलं काहीच बंधन नाही, ते बसलेल्यांच्या मधून कसेही वेलांट्या घेत जातात. म्हणजे पकडणाऱ्याच्या पायात बेड्या आणि पळणारा मोकळा. हा असमतोल भरून काढायला एकच हत्यार, खो. मी अडलो तर पुढच्याला पाठीवर थाप देऊन उठवायचं. एकट्याला जे जमत नाही ते नऊ जण मिळून करतात. आईचा प्रश्न म्हणूनच वरवरचा नव्हता. दिशेची बेडी काढली की खो देण्याची गरजच थोडी कमी होते.

आता रग्बी. आमच्या जिल्ह्यातल्या मुलीनं रग्बीवर बोलावं याला कारण माझा मामेभाऊ. तो २०२३ मध्ये लीड्सला एमएससाठी गेला. हेडिंग्ले म्हटलं की आपल्याला टेस्ट मॅच आठवते. त्यानं पहिल्या महिन्यात फोन करून सांगितलं, की हेडिंग्लेच्या क्रिकेट मैदानाला पाठ लावून रग्बीचं मैदान आहे, दोघांमध्ये एकच स्टँड, आणि तिकीट काढून तो रग्बी बघून आला. मग म्हणाला, "इथं दोन रग्बी आहेत. आपण टीव्हीवर वर्ल्ड कप बघतो ती युनियन. लीड्सवाले बघतात ती लीग. चुकून एकीला दुसरी म्हटलं तर लोक तोंड वाकडं करतात." माझ्या डोक्यात लगेच महालक्ष्म्यांची रात्र आली. त्यानंतरचे कित्येक आठवडे मी मिळेल तसं रग्बीचं वाचत आणि बघत बसले.

रग्बीची फाळणी खेळ कसा दिसतो यावरून झाली नाही. ती मजुरीवरून झाली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उत्तर इंग्लंडमध्ये, यॉर्कशर-लँकेशरच्या पट्ट्यात, रग्बी खेळणारे होते कोळशाच्या खाणीतले आणि कापडगिरण्यांतले कामगार. सामना शनिवारी. शनिवारी अर्धा दिवस तरी कामावर जावं लागे. सामन्याला गेलं की तेवढा पगार कापला जाई. क्लबांचं म्हणणं होतं, की बुडालेली मजुरी तरी खेळाडूला भरून द्यावी. इंग्रजीत त्यांचा शब्द होता 'ब्रोकन टाइम'. आपल्याकडं त्याला नेमका शब्द आहे, खाडा. खाड्याचे पैसे द्या, एवढीच मागणी. १८९३ मध्ये लंडनच्या सभेत ती २८२ विरुद्ध १३६ मतांनी फेटाळली गेली. फेटाळणारे बहुतेक सुखवस्तू घरांतले, खासगी शाळांत शिकलेले. त्यांच्या मते पैसे घेऊन खेळणं म्हणजे खेळ बाटवणं. ज्याचा खाडा कधी पडतच नाही त्याला हे म्हणणं परवडतं.

२९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेतल्या वीसेक क्लबांनी वेगळी चूल मांडली. खाड्यापोटी दिवसाला सहा शिलिंगांपर्यंत देता येतील असं ठरलं. ही नॉर्दर्न युनियन, पुढं १९२२ पासून रग्बी लीग.

मला यातलं सगळ्यात रंजक वाटलं ते पुढचं. भांडण झालं पैशावरून, पण पैसे द्यायचे तर ते आणायचे कुठून? दारावर तिकीट काढणाऱ्या माणसाकडून. आणि तो माणूस स्वतः आठवडाभर गिरणीत उभा राहून आलेला, त्याला चिखलात गुंतलेल्या तीस माणसांच्या पाठी बघायच्या नव्हत्या. मग नव्या मंडळींनी खेळच सोलायला घेतला. १८९७ मध्ये, चेंडू बाहेर गेल्यावर दोन रांगा करून उंच उडी मारून तो घेण्याचा प्रकार बंद. १९०६ मध्ये पंधराचे तेरा खेळाडू केले. त्याच वर्षी, खेळाडू चेंडूसकट खाली पाडला गेला की त्यावर सगळ्यांनी तुटून पडायचं नाही, त्यानं उठून टाचेनं चेंडू मागं द्यायचा आणि खेळ पुढं सुरू, असा नियम आला. तरी एक गोची राहिली. एकाच संघानं चेंडू कितीही वेळ दाबून ठेवावा! त्यावर १९६६ मध्ये चार आणि १९७२ मध्ये सहा टॅकलची मर्यादा घातली. सहाव्यांदा पाडलं की चेंडू समोरच्याला.

म्हणून आज दोन्ही शेजारी ठेवून पाहिलं तर लीग समजायला दहा मिनिटं लागतात. सहा संधी, पुढं सरका, रेषेपार चेंडू टेकवा, चार गुण. मी पहिल्याच सामन्यात कोण वरचढ आहे हे सांगू शकत होते. युनियनमध्ये त्याच टेकवण्याचे पाच गुण मिळतात, पण तिथं चेंडू प्रत्येक क्षणी वादात असतो. खाली पडला की दोन्ही बाजूंचे धटिंगण त्यावर झेपावतात, पंच शिट्टी मारतो आणि नक्की काय चुकलं हे समालोचकालाही दोनदा बघावं लागतं. आठ-आठ जणांचे दोन डोंगर एकमेकांना ढकलत असतात आणि नवख्याला वाटतं, हे चाललंय काय? माझंही तेच झालं. तीन-चार सामन्यांनंतर कळायला लागलं, की त्या ढकलण्यातच सामना जिंकला जात असतो. लीगच्या लोकांचा युनियनवर आक्षेप, शिट्ट्या फार. युनियनच्या लोकांचा लीगवर आक्षेप, तेच तेच, सहा धडका आणि एक लाथ. दोघांचंही खरं आहे.

बघायला मात्र लोक दोन्हींना येत. १९५४ मध्ये ब्रॅडफर्डच्या ओडसल मैदानावर लीगच्या एका फेरसामन्याला अधिकृत गर्दी १,०२,५६९ होती, बुधवारी संध्याकाळी! पण दोन्ही बाजूंची मनं जुळली नाहीत. लीग खेळलेल्या माणसाला युनियनमध्ये कायमची बंदी असे, त्यानं एक पैसा घेतला नसला तरी. फ्रान्समध्ये तर १९४१ मध्ये नाझींच्या कच्छपी लागलेल्या व्हिशी सरकारनं लीगवर बंदीच घातली आणि तिची मालमत्ता जप्त केली. ही फाळणी शंभर वर्षं चालली. ऑगस्ट १९९५ मध्ये युनियननंही पैसे घ्यायला परवानगी दिली, म्हणजे मूळ भांडणाचं कारणच संपलं. तरी खेळ दोनच राहिले. १९९६ मध्ये लीगचा विगन आणि युनियनचा बाथ हे संघ दोन सामने खेळले, एक एकाच्या नियमांनी, एक दुसऱ्याच्या. लीगच्या नियमांनी विगन ८२-६ असा जिंकला, युनियनच्या नियमांनी बाथ ४४-१९. शंभर वर्षांत भावाभावांची भाषाच वेगळी झाली होती.

(जाता जाता: इंग्लंड आणि स्कॉटलंड दरवर्षी ज्या करंडकासाठी खेळतात त्याचं नाव कलकत्ता कप. कलकत्त्यातला गोऱ्यांचा रग्बी क्लब १८७८ मध्ये बंद पडला तेव्हा खात्यात उरलेले चांदीचे रुपये वितळवून तो बनवला. मुठी नागाच्या, झाकणावर हत्ती. आपल्या रुपयाचा रग्बीशी एवढा जुना संबंध आहे.)

पंधराचे तेरा हे वाचलं तेव्हा मी थांबले. अल्टिमेट खो-खोनं काय केलं होतं? नवाचे सात. तिथंही दोनच कमी. मैदान लहान केलं, डाव सात मिनिटांवर आणला, साध्या बादला दोन गुण, सूर मारून किंवा खांबावर झेपावून बाद केला तर तीन. पळणाऱ्यांनी अडीच मिनिटं तग धरला की त्यांनाही बोनस. आणि वझीर. सगळ्या सुधारणांचं तोंड एकाच दिशेला, बघणाऱ्याकडं.

गरज नव्हती असं मी म्हणणार नाही. खो-खोचे नियम पुण्याच्या डेक्कन जिमखान्यात १९१४ च्या सुमारास बांधले गेले, राष्ट्रीय स्पर्धा १९५९-६० पासून विजयवाड्यात सुरू झाली, १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये त्याचं प्रात्यक्षिक झालं. तरी २०१४ मध्ये प्रो कबड्डीनं हुतूतूवाल्यांना घराघरांत नेलं तेव्हा खो-खो शाळेच्या मैदानावरच बसलेला होता, उकिडवा. टीव्हीच्या दृष्टीनं जुना खो-खो अवघड आहे. २७ मीटर लांब मैदान, कॅमेरा लांब ठेवला तर माणसं मुंग्यांएवढी, जवळ आणला तर पुढचा खो कुणाला जाणार ते दिसत नाही. आणि फोनच्या पडद्यावर तर विचारूच नका. लहान मैदान, सात गडी आणि ठळक गुण हे माझ्या पाच-सहा इंची पडद्यात मावतात. मैदानावरचा अनुभव उलटा आहे. स्टेडियमवर त्या नोव्हेंबरच्या संध्याकाळी मी खांबाच्या बाजूला बसले होते. एक मुलगी साखळी खेळत होती, बसलेल्यांच्या मधून एका लयीत आत-बाहेर, आत-बाहेर. एक मिनिट, दीड मिनिट, दोन. गुणफलक हलत नव्हता. पण माझ्या आजूबाजूचे लोक, त्यात फेटेवाले म्हातारे होते, डोक्यात सेकंद मोजत होते. जुन्या खेळात संरक्षणाची वेळ हीच कमाई. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमीच तशी येते, अमुकनं २ मिनिटं १० सेकंद संरक्षण केलं. सामना बरोबरीत सुटला तर लघुत्तम आक्रमण, म्हणजे कुणी कमी वेळात पहिला गडी टिपला त्यावर निकाल. हा घड्याळाचा खेळ आहे. त्यात काही घडत नाही तेव्हाच सगळं घडत असतं. युनियनच्या त्या ढकलाढकलीसारखंच, ज्याला वाचता येतं त्याच्यासाठी.

इथं मला स्वतःचं थोडं सांगावं लागेल, कारण मी हे सगळं तटस्थपणे बघू शकत नाही. मी नववीत शाळेच्या संघात होते. आमचं गाव तुळजापूर तालुक्यात, मैदान म्हणजे खडी वेचून काढलेली पांढरी माती. दहावीत विभागाच्या संघासाठी निवड झाली. तीन दिवस बाहेरगावी राहायचं, प्रवासखर्च आधी आपण करायचा, परत नंतर मिळणार. आधीच्या वर्षीचे पैसे मैत्रिणीला सात महिन्यांनी मिळाले होते. सोबत कुणी बाई माणूस हवं म्हणून आईनं यायचं, म्हणजे तिचे तीन रोज बुडणार. खुरपणीचा रोज तेव्हा दीडशे रुपये. वडील चिडून नाही, हिशेब करूनच म्हणाले, "चारशे पन्नास गेले, वर एसटी, वर बूट. आन् पुढं काय?" मी गेले नाही. माझ्या जागी जी गेली ती माझ्यापेक्षा चांगलीच पळायची, हेही खरं. पण १८९३ च्या त्या सभेचं मतदान वाचताना २८२ आणि १३६ हे आकडे मला खेळाच्या इतिहासातले वाटले नाहीत. आमच्या ओसरीवरचे वाटले.

"आन् पुढं काय?" याचं धाराशिवमध्ये एक उत्तर आहे. सारिका काळे. तेराव्या वर्षी खेळायला लागली, कित्येक वर्षं एकवेळच्या जेवणावर काढली, मध्येच सोडून द्यायचं ठरवलं तेव्हा प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांनी समजूत घातली. २०१६ च्या गुवाहाटीतल्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताच्या मुलींनी तिच्या नेतृत्वाखाली सुवर्ण जिंकलं. २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार. खो-खोला तो तब्बल २२ वर्षांनी मिळाला होता. आणि आमच्या पालकांच्या दृष्टीनं सगळ्यात मोठी गोष्ट, ती तालुका क्रीडा अधिकारी झाली, तुळजापुरातच. जुन्या खो-खोनं पैसे कधी दिले नाहीत, नोकरी दिली. रेल्वे, विमानतळ प्राधिकरण, राज्य सरकारातलं खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण. ही आपली खाडाभरपाई, फक्त दहा वर्षं उशिरा आणि शंभरात एखादीला मिळणारी.

नव्या खो-खोनं ड्राफ्टमधून लगेच लाखांत मानधन दिलं, हे फार मोठं आहे, आईच्या नियमप्रेमापेक्षाही मोठं. आणि रग्बीसारखी फाटाफूटही झाली नाही. खो-खो महासंघच लीगच्या सोबत होता, तीच मुलं नोव्हेंबरात जुना आणि ऑगस्टात नवा खेळत होती, कुणावर बंदी नाही. हे आपण इंग्रजांपेक्षा शहाणपणानं केलं. पण एक गोष्ट मला त्या महालक्ष्म्यांच्या रात्री दिसली नाही, नंतर दिसली. पडद्यावर सगळे पुरुष होते. अल्टिमेट खो-खोचे पहिले दोन्ही हंगाम, पुण्यातला आणि कटकचा, पुरुषांचेच झाले. धाराशिवचं खो-खोतलं नाव मुलींनी कमावलेलं. मुलींची राष्ट्रीय स्पर्धा १९६०-६१ मध्येच कोल्हापुरात सुरू झाली होती, पुरुषांच्या पाठोपाठ एका वर्षात. पैसा आला तेव्हा मात्र पुरुष आधी.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक झाला, तो सात गडी आणि वझीर असलेल्या नव्या नियमांनी, आणि तिथं मुली होत्या. प्रियांका इंगळे कर्णधार, संघात आमच्या धाराशिवची अश्विनी शिंदे. अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असं हरवलं. पुरुषांनीही नेपाळलाच ५४-३६. आईनं पूर्ण सामना पाहिला. वझीर मागं फिरला तेव्हा ती काही बोलली नाही. अश्विनीकडं बघून मात्र म्हणाली, "बसायची ढब बघ. मातीतली हाय ती."

त्यानंतरच्या सुट्टीत मी शाळेच्या मैदानावरून जात होते. पोरींनी फक्कीनं पाटी आखली होती आणि भांडण जुंपलं होतं. एकीला वर्ल्ड कपसारखं खेळायचं होतं, तिनं वझिरासाठी लाल रिबीनही आणली होती. दुसरी कमरेवर हात ठेवून उभी.

"आपण नऊ जणी हाव," ती म्हणाली. "सातच घेतल्या तर ह्या दोघी काय करणार?"

लाल रिबीनवालीनं त्या दोघींकडं पाहिलं. त्या आधीच जाऊन पाटीवर बसल्या होत्या, एक इकडं तोंड करून, एक तिकडं.